तालमीतली माती आणि कॉइलची केबल

मी पोहोचले तेव्हा ट्रॅक्टरची ट्रॉली तालमीच्या दाराला मागून लावलेली होती आणि आतून मातीची पहिली पाटी बाहेर येत होती. तांबडी, तेलकट, ताकाचा आंबूस वास असलेली माती. दोन पैलवानांनी ती ट्रॉलीत ओतली. दोघांचे चेहरे घरात कुणी गेल्यासारखे होते.

"थांबा!" गाडी स्टँडवर लावता लावताच मी ओरडले. "माती काढू नका. आधी मला मशीन बघू द्या."

माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. दुसरी पाटी भरायला ते आत गेले.

मी शैला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इन्स्ट्रुमेंट रिपेअरिंगचं दुकान आहे. वजनकाटे, प्रेशर गेज, फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजणारे मीटर, असलं सगळं मी दुरुस्त करते. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्याशिवाय माझ्याकडे एक मेटल डिटेक्टर आहे, तो भाड्यानं देते. शेतात मंगळसूत्र पडलेली माणसं तो नेतात, पाइपलाइनचा बुजलेला व्हॉल्व्ह शोधणारे नेतात. घराच्या पायात मोहरांचा हंडा आहे अशी खात्री असलेलेही येतात, पण त्यांना मी मशीन देत नाही. ते भिंत पाडतात आणि नंतर माझ्याशी भांडायला येतात.

तालमीला मशीन लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण झालं होतं ते असं.

पेठेतली ही जुनी तालीम. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथे बापू वस्ताद गेली कित्येक वर्षं पोरं घडवतात. कुस्तीची माती ज्या खोल चौकोनात भरलेली असते त्याला हौदा म्हणतात. त्या हौद्यातली माती म्हणजे बाहेरची रस्त्यावरची माती नव्हे. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर घालतात आणि ती रोज उकरून वरखाली करतात. जुन्या मातीत थोडी नवी मिसळत जायची, सगळी कधीच बदलायची नाही, अशी रीत आहे. त्यामुळे बापू वस्तादांच्या गुरूंनी मळलेली माती अजून त्या हौद्यात होती. छप्पर नवं घातलं तेव्हासुद्धा त्यांनी ती पोत्यांत भरून शेजारच्या खोलीत ठेवली होती म्हणे.

दोन महिन्यांपूर्वी त्या मातीत दोन ट्रॉल्या नवी माती मिसळली. ती कोडोलीच्या भैरूनं स्वतःच्या शेताच्या बांधाची दिली होती. भैरू तरुणपणी याच तालमीत घुमलेला, म्हणजे कुस्ती शिकलेला. तालमीला माती देणं हा त्याला मान वाटत होता. मग महिन्याभरानं संग्राम नावाचा पैलवान लढतीत पाठीवर पडला, आणि उठला तेव्हा खांद्याखालून रक्त वाहत होतं. लांब, सरळ, सुरीनं कापल्यासारखी जखम. आठ टाके पडले. येत्या मैदानातली त्याची कुस्ती गेली.

मातीत काहीतरी धारदार होतं. पोरांनी दोन दिवस माती चाळायचा प्रयत्न केला, पण तेला-ताकानं मळलेली माती चाळणीतून पडत नाही, गोळे होऊन वरच बसते. तेव्हा कुणीतरी माझं नाव सांगितलं. संग्राम स्वतः येऊन मशीन घेऊन गेला. जखमेमुळे त्याला जोर-बैठकांची मेहनत बंद होती, म्हणून हे काम त्याच्याकडे.

मशीन तीन तुकड्यांत पिशवीत असतं. मी त्याला रॉड जोडून दाखवला, बटणं दाखवली. केबलबद्दल एवढंच म्हणाले, "ही गुंडाळून घ्या आणि पट्ट्या लावा." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, सगळीकडंच वाजायलंय. उकरलं तर कायच घावंना."

आणि मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. मी म्हणाले, "माझं मशीन खोटं बोलत नाही. वाजतंय तिथं काहीतरी आहेच. बारीक असेल, नीट बघा." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि एका साखर कारखान्याच्या काट्याकडे वळले.

वस्तादांनी ते ऐकलं आणि निकाल लावला. सगळीकडे वाजतंय म्हणजे सगळीकडे लोखंडाचा बारीक चुरा आहे. म्हणजे भैरूनं रस्त्याकडेची भंगाराची माती आणून टाकली. आणि ती जुन्या मातीत इतकी मिसळली आहे की आता वेगळी काढता येणार नाही. म्हणजे हौदा रिकामा करायचा, गुरूंच्या मातीसकट. भैरूला निरोप गेला, "तुझी घाण तूच येऊन घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी दुपारी संग्रामचा पुन्हा फोन. "मॅडम, मशीन न्यायला येतासा काय? माती काढायलोय आता. चार वाजता ट्रॉली येणार हाय."

"सगळी माती?"

"सगळी. तुमीच म्हणलासा की, वाजतंय तितं हायच."

मी त्याला विचारलं, "आवाज कसा येतोय? कमीजास्त, जाड-बारीक?"

"न्हाय. एकच आवाज. हिकडं नेलं की टोकाला बीप, तिकडं नेलं की टोकाला बीप."

हे ऐकलं आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून निघाले. जमिनीत खरोखर धातू विखुरलेला असला तर आवाज कुठेही येतो, वेगवेगळा येतो. दरवेळी झोक्याच्या टोकालाच येत असेल तर त्या आवाजाचं मूळ जमिनीत नाही, मशीनपाशी आहे. नवा शिकणारासुद्धा हे सांगेल. आदल्या दिवशी मी हे विचारलं असतं तर फोनवरच कळलं असतं.

तर मी तालमीच्या दारात पोहोचले आणि थेट आत शिरायला निघाले.

"मॅडम!" वस्ताद आतूनच गरजले. "हितंच थांबा. उंबऱ्याच्या आत बायका येत न्हाईत."

"वस्ताद, मी मशीन बघायला आलेय."

"बघा की. भाईर बघा. राग मानू नका, पर ही रीत आमची न्हवं, मारुतीची हाय."

राग आला. आजही असं कुठे अडवलं की मला राग येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. भट्टीशेजारी उभी राहून मीटर लावलेत मी, तिथे मला कुणी अडवलं नव्हतं. पण ट्रॉलीत तिसरी पाटी पडत होती. भांडायला बसले असते तर मी जिंकले असते की नाही ठाऊक नाही, माती मात्र गेली असती.

ट्रॅक्टरच्या सीटवर भैरू बसला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, नजर समोरच्या भिंतीवर. खाली उतरला नव्हता आणि कुणी त्याला उतर म्हटलंही नव्हतं.

"संग्राम," मी उंबऱ्यावरून हाक मारली. "मशीन घेऊन हौद्यातून वर ये. सुरू कर. आता हवेत धर, कमरेएवढं उंच. मातीपासून लांब. आणि झुलव."

"हवेत?"

"हवेत."

त्यानं झुलवलं. डाव्या टोकाला बीप. उजव्या टोकाला बीप.

पाटी उचलणारे दोघं जागच्या जागी थांबले. संग्रामनं पुन्हा झुलवलं. पुन्हा बीप, बीप.

"वस्ताद," मी म्हणाले, "हवेत तर भैरूनं भंगार टाकलेलं नाही ना?"

मागे ट्रॅक्टरवर काहीतरी हललं. भैरू खाली उतरला होता.

वस्ताद जवळ आले. उंच, आता थोडे वाकलेले, कान कुस्त्यांत चिंबून चपटे झालेले. "मग ह्ये वाजतंय कशानं?"

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. डिटेक्टरच्या खालच्या टोकाला जी ताटलीसारखी चकती असते ती कॉइल. तिच्यातून निघालेली केबल रॉडवरून वर, हाताशी असलेल्या कंट्रोल बॉक्सपर्यंत जाते. कॉइलचं काम धातू ओळखायचं. पण केबलच्या आतही तांब्याच्या तारा असतात, म्हणजे केबलसुद्धा धातूच. ती रॉडला घट्ट बसलेली असेल तर मशीन तिला घरचं माणूस समजतं आणि गप्प राहतं. सैल होऊन कॉइलजवळ लोंबायला लागली की प्रत्येक झोक्याला ती हलते, आणि मशीनला वाटतं कुणी परकं आलं. मग ते ओरडतं. याला आम्ही फॉल्स सिग्नल म्हणतो.

"आण मशीन इकडे," मी संग्रामला म्हणाले. वस्तादांनी हात वर केला आणि फावडी थांबली.

"धा मिण्टं," वस्ताद म्हणाले. "सांजच्याला पोरांची मेहनत हाय. एक तर माती ऱ्हाईल, न्हाय तर जाईल. मदीच लटकत ठिवायचं न्हाय."

संग्रामनं मशीन उंबऱ्याबाहेर माझ्या हातात दिलं. केबलची अवस्था बघून मला हसूही आलं. वेल्क्रोच्या पट्ट्या गायब. त्यांच्या जागी लंगोटाच्या कापडाच्या दोन चिंध्या करकचून गाठ मारून बांधलेल्या. पैलवानाच्या हातची गाठ ती, मला दातानं सोडवावी लागली.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"चिकटंनात ओ त्या. सुटायल्या. म्हणून कापड बांधलं."

का चिकटत नाहीत हे तेव्हा मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्या पिशवीत नव्या पट्ट्या होत्या, त्या काढल्या. रॉड रुमालानं वरवर पुसला आणि केबल नव्यानं गुंडाळायला घेतली.

यात फार मोठी विद्या नाही, पण क्रम आहे. कॉइलच्या मुळाशी चार बोटं ढील सोडायची, म्हणजे चकती खालीवर वाकवली तरी केबलला हिसका बसत नाही. पहिला वेढा रॉडच्या वरच्या बाजूनं घ्यायचा. मग रॉडला चिकटून, ना सैल ना आवळून, वेढे घेत वर जायचं. कॉइलच्या वर वीतभर अंतरावर एक पट्टी, कंट्रोल बॉक्सच्या खाली एक पट्टी. तार वापरायची नाही, धातूची क्लिप वापरायची नाही. बस.

"आता हवेत झुलव."

झुलवलं. आवाज नाही. पुन्हा, जोरात. आवाज नाही.

दारात उभ्या पोरांनी हुश्श केलं. मी भैरूकडे बघून मान हलवली. संग्राम हौद्यात उतरला आणि एका कडेनं, मातीची एकेक पट्टी आखल्यासारखी बघत सुरुवात केली. पहिली पट्टी गप्प. दुसरी गप्प. मी उंबऱ्याबाहेर हाताची घडी घालून उभी. त्या क्षणी मी स्वतःवर फार खूश होते, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

तिसऱ्या पट्टीच्या मध्यावर बीप.

मग पुन्हा. मग डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला. थोड्या वेळात पहिल्यासारखंच सगळीकडे.

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "मॅडम, काल म्हणलासा मशीन खोटं बोलत न्हाय. आज म्हणलासा बोलतंय. आता नीट केलंसा, तरी वाजायलंय. आमी कुठल्या बोलण्यावर चालायचं, सांगा."

त्यांनी पोरांना खूण केली. फावडं पुन्हा मातीत गेलं.

भैरू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच बोलला. "ताई, माती बांधाचीच हाय ओ. माझ्या आईची शपथ. मी ह्याच हौद्यात पडलोय, उठलोय. मी कशाला वंगाळ माती आणीन हितं?"

मला स्वतःचा संताप आला. आत जाता आलं असतं तर मी रॉड हिसकावून घेतला असता आणि स्वतः झुलवला असता. ते शक्य नव्हतं. मग करण्यासारखं एकच उरलं, बघणं. मी उंबऱ्यावर उकिडवी बसले, म्हणजे नजर रॉडच्या उंचीला आली, आणि संग्रामला म्हणाले, "थांबू नकोस. हळूहळू झुलवत राहा. मातीकडं बघू नकोस, माझ्याकडं तोंड करून आडवा चाल."

रॉड ज्याच्या हातात असतो त्याचं लक्ष कॉइलकडे आणि कानाकडे असतं. केबल त्याला दिसत नाही, दिसली तरी वरून दिसते. मला ती बाजूनं दिसत होती, दारातून येणाऱ्या उन्हात. आणि मला दिसलं. मी घेतलेले वेढे वर राहिलेच नव्हते. प्रत्येक झोक्याला थोडे थोडे खाली सरकत होते. पट्ट्यासुद्धा घसरून खाली गेलेल्या. सगळी ढील कॉइलपाशी गोळा झाली होती आणि तिथे केबलचं एक वेटोळं इकडून तिकडे डुलत होतं.

"रॉडला काय लावलंय?" मी ओरडले.

"कायबी न्हाय."

"अरे, चमकतोय तो! हात दाखव तुझा."

संग्रामनं हात पुढे केला. तळवा तेलानं चकचकीत. अर्थात. तालीम ती. सकाळी जोर-बैठका झाल्या की अंगाला तेल, मालिश, दाराच्या कडीला तेल, मारुतीला तेल.

"आणि मशीन आल्या आल्या तुम्ही त्याला काय केलंत?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग संग्राम म्हणाला, "मारुतीच्या पायाशी ठिवलं की. नवीन वस्तू हाय. तालमीत कायबी आलं की पहिलं देवापुढं, मग कामाला."

"आणि?"

"आनि वरनं तेल सोडलं. थोडंसं."

माझ्या मशीनवर मारुतीचा अभिषेक झाला होता. तेल रॉडवर पसरलं होतं, वेल्क्रोच्या बारीक आकड्यांत शिरलं होतं. म्हणून पट्ट्या चिकटेनात. म्हणून चिंध्या. आणि माझ्या रुमालानं ते वरवर पुसलं गेलं, निघालं नाही. नव्या पट्ट्यांनाही तेच लागलं.

"साबण आहे का?"

"हाय, पर नळाला पाणी पाचनंतर."

वस्ताद हे सगळं ऐकत होते. आता ते पुढे आले, संग्रामच्या हातातून रॉड घेतला, त्यावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "तेलानं निसटायलंय व्हय? एवढंच?"

"एवढंच."

"मग त्यात काय. समोरच्या गड्याचं अंग तेलकट असलं, धरायला घावत नसलं, तर आमी काय करतो?" त्यांनी वाकून हौद्यातली मूठभर माती उचलली, कोरड्या कडेची, आणि रॉडवर वरून खालपर्यंत चोळली. दोन्ही हातांनी, एखाद्या पोराला अंघोळ घालावी तशी. मग पंच्यानं पुसली. पुन्हा माती, पुन्हा पंचा. संग्रामच्या तळव्यांनाही चोळली. रॉड मातकट झाला, तांबूस झाला, पण हाताला पकड यायला लागली.

तांबड्या मातीचा थर रॉडवर चालेल का, अशी एक शंका मला आली होती. पण पुसून जे उरलं ते इतकं बारीक, की त्यानं काही बिघडत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मशीन पुन्हा उंबऱ्याबाहेर आलं. पट्ट्या टाकून दिल्या. भैरूनं ट्रॅक्टरच्या पेटीतून इन्सुलेशन टेप आणून दिली, वायरिंगवर गुंडाळतात ती काळी प्लास्टिकची. मी वेढे पुन्हा घेतले आणि दोन्हीकडे टेप लावली. या वेळी दुकानात कुणी उभं आहे असं समजून घाई केली नाही. मग संग्रामला कॉइल हौद्यातल्या मातीवर खालीवर करायला लावून मशीनला मातीची ओळख करून दिली. तांबड्या मातीत लोहाचा अंश मुळातच असतो, तो "ऐकू नको" असं मशीनला आधी सांगावं लागतं. तेही पहिल्या दिवशी कुणी केलं नव्हतं.

"चल संग्राम. सगळा हौदा. एकही जागा सोडायची नाही."

तो एका कोपऱ्यातून निघाला. पहिली पट्टी गप्प. तिसरी गप्प. पाचवी, सहावी. भैरूनं टोपी काढून हातात घेतली होती.

सातव्या पट्टीत एक गोड, स्वच्छ बीप आली. पुढे नेलं तर थांबली, मागे आणलं तर आली. खरा सिग्नल असा असतो, जागा सोडत नाही. उकरलं तर एक रुपयाचं नाणं. पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत.

मारुतीच्या कोनाड्याखालच्या कोपऱ्यात दुसरा सिग्नल आला, जोराचा. संग्रामनं हातानं उकरायला घेतलं तसं मी ओरडले, "हात नको! खुरपं घे!"

वीतभर खोलीवर ते निघालं. पत्र्याची पट्टी, बोटभर रुंद, वीतभर लांब. एक कड ब्लेडसारखी, एक कड दातेरी. एका बाजूला अजून पिवळा रंग होता.

संग्रामनं ती वस्तादांच्या हातात दिली. वस्तादांनी ती उलटी केली, सुलटी केली. मग कोनाड्याजवळ उभ्या असलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. पंधरा किलोचा पिवळा डबा. त्याचं वरचं तोंड छिन्नीनं कापून काढलेलं, आणि कापताना एका बाजूची पट्टी तुटून गेलेली. पत्रा बरोबर तिथे बसत होता. कुणी लावून बघायची गरज नव्हती.

"डबा कुणी फोडलेला?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

मग वस्तादच म्हणाले, "मी. नवी माती मिसळली त्या दिवशी. पोरांच्या हातात छिन्नी देत न्हाय मी, हात कापून घेतील म्हणून. तेल मीच वतलं." मग ते संग्रामकडे वळले. "म्हंजी पोराची पाठ मीच फाडली."

संग्राम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वस्ताद. भरत आली की आता."

वस्तादांनी उरलेला हौदा पूर्ण बघायला लावला. आणखी काही निघालं नाही. भैरूच्या मातीत एक खिळासुद्धा नव्हता.

मग ते हौद्यातून बाहेर आले, उंबरा ओलांडून माझ्या समोरून गेले आणि भैरूपुढे उभे राहिले. त्यांच्या मुठीत माती होती. सगळी तालीम दारात गोळा झालेली.

"भैरू, मी तुला चार माणसांत बोललो. आता चार माणसांतच सांगतो. तुझी माती चांगली हाय. माझा हात वाईट हाय." असं म्हणून त्यांनी त्या मातीचा टिळा भैरूच्या कपाळाला लावला.

भैरू वाकून त्यांच्या पाया पडला. आणि पन्नाशीचा तो माणूस तिथेच, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, पोरासारखा रडला. माझेही डोळे भरले. कामावर असताना मी रडत नाही, त्या दिवशी तो नियम मोडला.

ट्रॉलीत पडलेल्या पाट्या पोरांनी पुन्हा आत नेऊन ओतल्या. सांडलेली मातीसुद्धा झाडून गोळा केली. भैरूची ट्रॉली रिकामी परत गेली.

वस्ताद मला म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं वाचलं."

"माझ्यामुळंच जात होतं," मी म्हणाले. "काल फोनवर मी ते बोलले नसते तर ट्रॉली आलीच नसती."

"व्हय, ते बी हाय की," ते म्हणाले. कोल्हापुरात खोटं समाधान कुणी करत नाही.

त्यांनी मला आत बोलावलं नाही. मीही विषय काढला नाही. आजपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलेलं नाही आणि त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या दिवशी आत असते तर रॉड माझ्याच हातात असता, आणि घसरणारे वेढे मलाही दिसले नसते, हेही कबूल करायला हवं.

दोन दिवसांनी संग्राम मशीन परत द्यायला आला. पिशवी उघडली. रॉडवरची माती पुसून स्वच्छ केलेली, टेप काढलेली, केबल सुरेख गुंडाळलेली. आणि वरपासून खालपर्यंत तेलाचा पातळ, चमकता हात.

"हे काय रे?"

"वस्ताद म्हणले, मशीननं तालमीची लाज राखली. जाताना बी देवाच्या पायाशी ठिवून दे."

मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर रॉड साबणानं धुतला.

आता मशीन भाड्यानं देताना केबल मी स्वतः गुंडाळून देते, गिऱ्हाइकाकडून एकदा सोडवून पुन्हा गुंडाळून घेते, आणि तेलकट हात लावायचा नाही म्हणून सांगते. आणि कुणाचा फोन आला की सगळीकडेच वाजतंय, तर माझं मशीन कसं आहे हे मी सांगत बसत नाही. एवढंच म्हणते, मशीन कमरेएवढं वर उचला, हवेत झुलवा आणि ऐका. मातीला आणि माणसाला बोल लावायचा तो त्यानंतर.